कल, क्षमता आणि सिद्धता : विद्यार्थ्यांच्या करिअर नियोजनाच्या मापनाची चिकित्सा (विशेष संदर्भ : पाटस परिसर, ता. दौंड, जि. पुणे)

सारांश

करिअर नियोजनासाठी विद्यार्थी कितपत तयार आहेत, हे मोजण्याची अनेक साधने महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत रूढ झाली आहेत. ही साधने विद्यार्थ्याची आवड, वृत्ती अथवा कार्यक्रमातील उपस्थिती मोजतात. त्याची प्रत्यक्ष सिद्धता मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. हे प्रतिपादन नव्या सर्वेक्षणावर आधारलेले नाही. प्रचलित साधनांची तात्त्विक चिकित्सा करणे, पाटस परिसरातील विद्यार्थ्यासमोरील वास्तव पर्यायांच्या कसोटीवर ती पारखणे आणि पर्यायी मापनाची दिशा सुचविणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत.

बीजसंज्ञा : करिअर नियोजन, व्यावसायिक परिपक्वता, कल चाचणी, सिद्धता, ग्रामीण विद्यार्थी

१. प्रस्तावना

पाटस हे पुणे-सोलापूर महामार्गावरील दौंड तालुक्यातील गाव. गावाला रेल्वे स्थानक आहे. भीमा सहकारी साखर कारखाना याच गावाच्या नावाने ओळखला जातो. काही हंगाम बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये तो भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. महामार्गाने पुढे गेल्यास कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत लागते. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन असून राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ व ७ तेथे आहेत. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, तर पश्चिमेला पुणे शहर व तेथील स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत.

शेती, साखर, रसायन, रेल्वे, वर्दी आणि शहर असे सहा मार्ग या परिसरातील विद्यार्थ्याच्या नजरेसमोर रोज असतात. त्यामुळे ग्रामीण विद्यार्थ्याला पर्यायच ठाऊक नसतात, हे नेहमीचे विधान येथे तरी पुरते लागू पडत नाही. पर्याय दिसतात, परंतु त्यांपैकी एकापर्यंत पोहोचण्याचा टप्प्याटप्प्याचा रस्ता दिसतो का, हा खरा प्रश्न आहे. विद्यार्थ्याच्या तयारीचे मूल्यमापन करताना नेमका हाच प्रश्न विचारला जातो किंवा नाही, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

२. संकल्पनेचा प्रवास

व्यवसाय मार्गदर्शनाच्या आधुनिक शास्त्राचा आरंभ सामान्यतः फ्रँक पार्सन्स यांच्या १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून मानला जातो. स्वतःची ओळख, व्यवसायाची माहिती आणि या दोहोंच्या संबंधाचा तर्कशुद्ध विचार, अशी त्रिसूत्री त्यांनी मांडली. पुढे डोनाल्ड सुपर यांनी व्यवसायाची निवड ही एका क्षणाची घटना नसून दीर्घ विकासप्रक्रिया आहे, असे दाखवून ‘व्यावसायिक परिपक्वता’ ही संकल्पना रुजविली. त्यांचा प्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यास १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मिडलटाउन येथे इयत्ता नववीच्या मुलांवर सुरू झाला. जॉन क्राइट्स यांनी १९७३ मध्ये या संकल्पनेला ‘करिअर परिपक्वता शोधिके’चे मोजता येण्याजोगे रूप दिले. निर्मला गुप्ता यांनी १९८९ मध्ये तिचे भारतीय अनुकूलन केले आणि आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या अनेक प्रबंधांत व शोधनिबंधांत तेच वापरले गेले.

महाराष्ट्रातही या विषयाची परंपरा आहे. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानाच्या आधारे बौद्धिक क्षमतांच्या मापनाचे मोठे काम केले आहे. म्हणजे साधनांची उणीव होती असे नव्हे. उणीव आहे ती तीन भिन्न गोष्टींमधील भेद ध्यानात ठेवण्याची. विद्यार्थ्याला काय आवडते तो त्याचा कल. त्याला काय जमू शकते ती त्याची क्षमता. निवडलेल्या दिशेने पुढचे पाऊल टाकण्यासाठी माहिती, क्रम, कागदपत्रे, वेळ आणि पर्याय यांची त्याने केलेली जुळवाजुळव, ती त्याची सिद्धता. पहिल्या दोहोंवरून तिसरीचे अनुमान काढण्याची सवय प्रचलित मूल्यमापनात खोलवर मुरलेली आहे.

३. राज्यातील प्रयत्न आणि त्यांची मर्यादा

कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानावा, अशी भूमिका घेतली होती. ती मोठ्या प्रमाणावर कृतीत उतरण्यास महाराष्ट्रात पन्नास वर्षे लागली. २०१६ मध्ये इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यभर कल चाचणी सुरू झाली. कृषी, वाणिज्य, कला व मानव्यविद्या, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे, हे तीतून सांगितले जात असे. पुढे तिला अभिक्षमता चाचणीची जोड मिळाली. करोनाच्या साथीनंतर हा वार्षिक उपक्रम खंडित झाला. इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०२० मध्ये महाकरिअर पोर्टल सुरू करण्यात आले, तर महाविद्यालयीन स्तरावर २०२१ पासून ‘करिअर कट्टा’ हा उपक्रम आला.

या प्रयत्नांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. राज्यातील प्रत्येक दहावीच्या विद्यार्थ्याला, मग तो पुण्यातील असो की पाटसचा, एकच चाचणी विनामूल्य मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु कल चाचणीचा अहवाल जेथे संपत असे, तेथून विद्यार्थ्याची खरी अडचण सुरू होत असे. ‘गणवेशधारी सेवा’ असा शेरा हाती पडलेल्या मुलाला आपण धावतो किती वेगाने, आपली उंची पुरेशी आहे का, भरती कोणत्या वयापर्यंत खुली आहे, याविषयी त्या शेऱ्यातून काहीच कळत नव्हते. ‘कृषी’ हा शेरा तर शेतकऱ्याच्या घरात अधिकच संदिग्ध ठरतो. त्यातून कृषी पदवी सुचते, कृषी सेवा केंद्र सुचते की घरचीच शेती सुचते, हे ठरविण्याचे काम पुन्हा त्या घरावरच येते.

महाविद्यालयांच्या बाबतीत वेगळाच पेच आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या, २०१७ पासूनच्या सुधारित चौकटीत स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन व करिअर समुपदेशनाचा लाभ घेतलेल्या विद्यार्थ्यांची टक्केवारी हा एक निर्देशक होता. त्यामुळे व्याख्यान, हजेरीपत्रक, छायाचित्र आणि अहवाल असा कार्यक्रमाचा साचा सर्वत्र तयार झाला. सभागृहात बसलेला प्रत्येक विद्यार्थी ‘लाभार्थी’ झाला. व्याख्यानापूर्वी त्याला काय ठाऊक नव्हते आणि नंतर त्याने काय केले, याची नोंद या साच्यात नव्हती. उपस्थितीची नोंद प्रामाणिक असूनही ती सिद्धतेची नोंद होत नाही, ही मर्यादा एखाद्या महाविद्यालयाची नसून निर्देशकाची आहे.

४. प्रश्नावलीची भाषा

करिअर परिपक्वतेवरील अध्यापकीय संशोधनात बहुधा विधानांची यादी देऊन सहमती विचारली जाते. ‘मी माझे करिअर निवडले आहे’, ‘मी माझ्या भविष्याचे नियोजन करतो’, अशा धर्तीची ही विधाने असतात. या विधानांचा मराठीतील अनुभवविश्वाशी असलेला संबंध तपासण्याजोगा आहे. मराठी माणूस नोकरी ‘निवडत’ नाही, नोकरी ‘लागते’. मुलगा कामाला ‘लागतो’, पोलिसांत ‘भरती होतो’, दुकान ‘टाकतो’, शेती ‘सांभाळतो’. ‘लागणे’ या क्रियापदात प्रयत्न आहे, प्रतीक्षा आहे आणि योगायोगही आहे. ‘निवडणे’ या क्रियापदात मात्र समोर अनेक दारे उघडी असल्याचे गृहीत आहे. अशा विधानाशी पाटसच्या विद्यार्थ्याने असहमती दर्शविली, तर ती अपरिपक्वता मानायची की वस्तुस्थितीचे प्रामाणिक भान, हा निर्णय गुणांकनाच्या तक्त्यातून होत नाही.

याच विद्यार्थ्याच्या घरात नियोजनाचा अभाव असतो असेही नाही. उसाची लागण आडसाली करायची, पूर्वहंगामी की सुरू, याचा निर्णय घेताना खडकवासला कालव्याचे आवर्तन, विहिरीचे पाणी, बेण्याची उपलब्धता, तोडणीचा काळ आणि हाती पैसे येण्याची वेळ यांचा एक ते दीड वर्षाचा हिशेब मांडावा लागतो. कारखाना बंद राहिलेल्या हंगामांत ऊस कोठे घालायचा, याचा पर्यायही शोधावा लागला. हा विद्यार्थी अशा घरात वाढलेला असतो. नियोजन त्याला परके नाही. प्रश्नावलीची भाषा परकी आहे. त्याच्याकडे असलेले हे कौशल्य शिक्षण व रोजगाराच्या क्षेत्रात कसे वळवावे, हे शोधण्याऐवजी मापनसाधन त्याला ‘निम्न नियोजनक्षम’ गटात टाकून मोकळे होते.

आणखी एक व्यावहारिक दोष येथे नोंदवावा लागतो. प्रश्नावली भरून घेणारा अध्यापक आणि अंतर्गत गुण देणारा अध्यापक अनेकदा एकच असतो. अशा वेळी ‘पूर्णतः सहमत’ या रकान्याकडे विद्यार्थ्याचा हात वळणे स्वाभाविक आहे. या उत्तरांची मध्यमाने काढून मुले व मुली, ग्रामीण व शहरी यांच्यातील फरक ‘सार्थ’ आहे की नाही, हे सांगितले जाते. निबंध पूर्ण होतो; परंतु ज्या विद्यार्थ्यांनी तो भरून दिला, त्यांच्यापर्यंत त्यातील काहीही परत जात नाही.

५. ‘स्वातंत्र्य’ या निकषाची अडचण

क्राइट्स यांच्या वृत्तिमापिकेत निर्णयातील स्वातंत्र्य हा परिपक्वतेचा एक घटक आहे. पालकांवर अवलंबून राहणारे उत्तर कमी परिपक्व ठरते. मिडलटाउनच्या मुलांच्या अभ्यासातून पुढे आलेल्या विचारधारेत हे सुसंगत आहे. मात्र ज्या घरात शिक्षणाचा खर्च उसाच्या बिलातून होतो, धाकट्या भावंडाचे शिक्षण थोरल्याच्या कमाईवर ठरते आणि जमीन सामाईक असते, तेथे एकट्याने घेतलेला निर्णय हा नेहमीच अधिक परिपक्व असेल असे म्हणता येत नाही. गिडियन अरुलमणी यांनी भारतीय संदर्भात करिअरविषयक समजुती आणि सांस्कृतिक पूर्वतयारी यांवर दिलेला भर याच कारणाने मोलाचा आहे.

तथापि कुटुंबाच्या सहभागाचे उदात्तीकरण करणेही तितकेच चुकीचे ठरेल. ‘घरच्यांशी विचारविनिमय करून ठरवीन’ हे उत्तर दोन विद्यार्थिनींनी दिले, तर एकीच्या घरात खरोखर चर्चा झालेली असेल आणि दुसरीच्या घरात तिच्या विवाहाचा विचार आधीच पक्का झालेला असेल. पहिलीचे उत्तर हे सिद्धतेचे लक्षण आहे; दुसरीचे उत्तर हे तिच्या मौनाचे सभ्य रूप आहे. प्रचलित मापिका दोघींना समान गुण देते. पुण्याला अथवा बारामतीला रोज जाऊन शिकण्याची परवानगी, वसतिगृहाचा खर्च, कारखान्यातील पाळीची वेळ या गोष्टी मुलींच्या करिअर नियोजनात निर्णायक असतात. तरीही त्यांना प्रश्नावलीत क्वचितच जागा मिळते. विचारविनिमय आणि दडपण यांतील फरक न ओळखणारे साधन मुलींच्या बाबतीत केवळ अपुरे नव्हे, तर दिशाभूल करणारे ठरते.

६. एक उदाहरण : वर्दीची वाट

सिद्धतेचे मापन कसे वेगळे असू शकते, हे पोलीस भरतीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. दौंडला राखीव पोलीस बलाचे दोन गट असल्याने या परिसरात वर्दीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर जिल्हा पोलीस शिपाई पदासाठी शारीरिक चाचणी ५० गुणांची व लेखी परीक्षा १०० गुणांची आहे. पुरुष उमेदवारांसाठी १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, तर महिलांसाठी पहिल्या शर्यतीचे अंतर ८०० मीटर असते. किमान उंची पुरुषांसाठी १६५ व महिलांसाठी १५५ सेंटिमीटर आहे. सशस्त्र पोलीस शिपाई पदासाठी मात्र ५ किलोमीटर धावावे लागते, उंची १६८ सेंटिमीटर लागते आणि खुल्या प्रवर्गाची नियमित कमाल वयोमर्यादा जिल्हा पोलिसांच्या २८ वर्षांऐवजी २५ वर्षे आहे.

दोन्ही पदांसाठी शैक्षणिक पात्रता बारावी उत्तीर्ण एवढीच आहे. याचा अर्थ असा की, कला शाखेच्या तृतीय वर्षातील विद्यार्थी ज्या स्पर्धेची तयारी करीत असतो, तिच्यासाठी तो तीन वर्षांपूर्वीच पात्र झालेला असतो. या तीन वर्षांत त्याच्या धावण्याच्या वेळेत किती सुधारणा झाली, लेखी परीक्षेतील गणित व बुद्धिमत्ता चाचणीचा त्याने किती सराव केला आणि भरती न झाल्यास पदवीचा उपयोग कोठे करायचे त्याने ठरविले आहे, हे तीन प्रश्न त्याची सिद्धता सांगून जातात. ‘मी माझ्या ध्येयाबाबत ठाम आहे’ या विधानावर त्याने पाचपैकी पाच गुण मिळविले, तरी वरील तीनही प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे नसू शकतात. ठामपणा आणि तयारी या दोन गोष्टी येथे एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतात. किंबहुना तयारीविना आलेला ठामपणा हाच अधिक धोक्याचा असतो. अशा ठामपणाची किंमत गुणांत नव्हे, तर तारुण्यातील वर्षांत मोजावी लागते.

हेच कुरकुंभच्या बाबतीत म्हणता येईल. रसायनशास्त्रातील पदवी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, हे दोन्ही मार्ग रासायनिक उद्योगाकडे जातात; पण त्यांची दारे वेगळी आहेत. एक प्रयोगशाळा व गुणवत्ता तपासणीच्या बाजूने उघडते, दुसरे प्रत्यक्ष संयंत्राच्या बाजूने. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार मिळणारी शिकाऊ उमेदवारी आणि कंत्राटदारामार्फत मिळणारे काम यांतील फरक ठाऊक असणे, हा या परिसरातील विद्यार्थ्याच्या सिद्धतेचा भाग आहे.

७. पर्यायी मापनाची दिशा

वरील विवेचनावरून सिद्धतेच्या मापनात सहमतीऐवजी पडताळता येणारी उत्तरे मागावीत, असे सुचविता येते. त्यासाठी पाच प्रश्न पुरेसे ठरावेत. पहिला, इच्छित कामासाठी लागणारी पात्रता, वयोमर्यादा आणि निवडीचे टप्पे कोणते? दुसरा, त्यांपैकी प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याचे आजचे मोजलेले स्थान काय? तिसरा, आवश्यक कागदपत्रांपैकी कोणती हाती आहेत? जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास व उत्पन्नाचा दाखला यांच्या अभावी हातची संधी जाऊ शकते. म्हणून या प्रश्नाला गौण मानता येणार नाही. चौथा, पहिला मार्ग किती काळ चालायचा आणि त्यानंतरचा दुसरा मार्ग कोणता? पाचवा, या निर्णयाविषयी घरात कोणाशी बोलणे झाले आणि मतभेद कोठे आहे?

हे प्रश्न प्रथम वर्षाच्या आरंभी व प्रत्येक वर्षाच्या अखेरीस विचारले, तर विद्यार्थ्याची तुलना इतरांशी न होता त्याच्याच मागील उत्तरांशी होईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांक रचना आली आहे. मुख्य व दुय्यम विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आणि मध्येच बाहेर पडण्याची मुभा यांमुळे विद्यार्थ्याला पदवीच्या काळात अनेकदा निर्णय घ्यावे लागतात. अशा वेळी एकदाच केलेले मापन अपुरे पडणार, हे उघड आहे. कार्यप्रशिक्षणाचे ठिकाण निवडतानाच वरील पाच प्रश्न विचारले गेले, तर ती निवड केवळ श्रेयांक मिळविण्याची सोय न राहता नियोजनाचा भाग होईल.

८. संभाव्य आक्षेप

या सूचनेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्रमाणित मापिकेचे तुलनात्मक मूल्य अशा साधनाला नाही. हा आक्षेप योग्य आहे. राज्यस्तरीय धोरणासाठी प्रमाणित मापिकांची गरज राहीलच; मात्र महाविद्यालयाला आपल्या विद्यार्थ्याला मदत करण्यासाठी लागणारी माहिती त्यांतून मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की, जवळच्या पर्यायांवर भर दिल्याने विद्यार्थ्याची झेप तालुक्यापुरती मर्यादित होईल. परंतु हे प्रश्न जागेविषयी नसून टप्प्यांविषयी आहेत. संशोधक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीलाही पात्रता, आजचे स्थान, कागदपत्रे, पर्याय आणि घरातील संवाद या पाचही गोष्टींना सामोरे जावे लागते.

तिसरा आक्षेप अध्यापकांच्या वेळेचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील नेमणुका आणि वाढते कागदोपत्री काम यांच्या ओझ्याखाली प्रत्येक विद्यार्थ्याशी स्वतंत्र संवाद साधणे सोपे नाही. तथापि मार्गदर्शक-विद्यार्थी गटांची व्यवस्था बहुतेक महाविद्यालयांत कागदावर अस्तित्वात आहेच. तिच्या नोंदवहीतील सर्वसाधारण शेऱ्यांच्या जागी या पाच प्रश्नांची उत्तरे आली, तर नवे काम वाढण्याऐवजी जुन्या कामाला अर्थ येईल. शिवाय सर्व उत्तरे अध्यापकाला ठाऊक असलीच पाहिजेत असेही नाही. भरती झालेला माजी विद्यार्थी, कुरकुंभमधील कामगार, हिशेब ठेवून शेती करणारा शेतकरी हे या मापनातील सहपरीक्षक होऊ शकतात.

९. निष्कर्ष

करिअर नियोजनाच्या तयारीचे मूल्यमापन करताना कल, क्षमता आणि सिद्धता यांत भेद करणे आवश्यक आहे. कल चाचणीने पहिल्या गोष्टीची दखल घेतली, अभिक्षमता चाचण्यांनी दुसरीची. परिपक्वता शोधिकांनी तिसरीकडे पाहण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांची वृत्तिमापिका, तिची भाषा आणि स्वातंत्र्याविषयीची तिची गृहीतके ग्रामीण महाराष्ट्राच्या अनुभवाशी पुरेशी जुळत नाहीत. नॅकच्या निर्देशकाने तर मापनाचा विषयच विद्यार्थ्याकडून कार्यक्रमाकडे सरकविला.

पाटस परिसराच्या संदर्भात पाहता विद्यार्थ्यांत महत्त्वाकांक्षेची अथवा नियोजनबुद्धीची उणीव आहे, असे गृहीत धरण्यास आधार नाही. उणीव आहे ती टप्प्यांची माहिती वेळेवर मिळण्याची आणि दुसरा मार्ग वेळीच आखण्याची. भरतीची वयोमर्यादा २५ असेल, तर २६ व्या वर्षी लक्षात आलेली चूक कोणत्याही समुपदेशनाने दुरुस्त होत नाही. म्हणून मूल्यमापनाचे यश सरासरी गुणांवर न ठरता, विद्यार्थ्याला त्याची उणीव ती भरून काढता येईल अशा वयात कळली किंवा नाही, यावर ठरविले जावे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या संशोधनाने या एका कसोटीचा स्वीकार केला, तरी प्रश्नावली भरून देणाऱ्या विद्यार्थ्याला त्या संशोधनाचा खरा उपयोग होईल.